परिक्रमेच्या वर्षीचा परतावा

“परिक्रमा हे कारण चालणार नाही, पाहुणे,” पद्माकरराव म्हणाले आणि त्यांनी माझा अर्ज टेबलावरून परत माझ्याकडे सरकवला.

मी म्हटलं, का चालणार नाही. अर्धं वर्ष माणूस गावात नव्हता, मग रिटर्न भरणार कोण? त्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. समोरच्याला समजुतीच्या चार गोष्टी सांगायच्या असल्या की ते आधी चष्मा पुसतात. मुदत टळून गेली तरी वरच्या साहेबांकडे अर्ज करता येतो, रिफंडही मिळतो, पण माणसाची खरोखरीची अडचण होती हे दाखवावं लागतं, असं त्यांनी सांगितलं. “आपल्या पायांनी पुण्य कमवायला गेलेला माणूस अडचणीत होता, असं मी कुठल्या तोंडानं लिहू? अंथरुणाला खिळून असता, शुद्ध हरपलेली असती, तर गोष्ट वेगळी होती.”

“खरं आहे,” मी म्हटलं.

दुसरं काय म्हणणार. त्या अर्ध्या वर्षात मी अंथरुणाला खिळूनच होतो आणि शुद्धही बरीचशी हरपलेली होती. हे आम्हा चौघांना ठाऊक होतं. मला, माझ्या बायकोला म्हणजे शालनला, मुलगी वैजूला आणि माझा मेहुणा विश्वंभर याला. जगात ज्या माणसाला ते कळू नये म्हणून आम्ही चौघांनी जिवाचं रान केलं होतं, तो माणूस माझ्यासमोर बसून पोऱ्याला दोन चहा सांगत होता.

पद्माकरराव बुरगुटे माझे व्याही. वैजू त्यांच्या सारंगला दिलेली. पण व्याही होण्याच्या कितीतरी आधीपासून ते माझे इन्कमटॅक्सचे सल्लागार होते. बार्शीत एसटी स्टँडच्या मागे त्यांचं ऑफिस. माणूस इतका चोख की माझ्या गाडीच्या पेट्रोलची एक पावती फाटली होती, तर त्यांनी ती चिकटवून आणायला लावली होती. मी पाणीपुरवठ्याच्या टाक्यांचे आराखडे करून द्यायचो. सरकारी बिल निघालं की त्यातून दहावा हिस्सा कराचा म्हणून आधीच कापून घेतात, मग वर्षाचा हिशेब करून जास्तीचा गेलेला परत मागायचा. ज्या वर्षी माझं सगळ्यात मोठं काम झालं आणि सगळ्यात जास्त कापलं गेलं, नेमकं त्याच वर्षी मी मागितलं नाही. त्या वर्षी मी, सगळ्या बार्शीला माहीत होतं त्याप्रमाणे, नर्मदेच्या काठाकाठानं चालत होतो.

झालं होतं ते असं. वैजूची सुपारी फुटली, दोन्हीकडची माणसं पेढे खाऊन पांगली आणि थोड्याच दिवसांत मी एका अर्धवट टाकीच्या जिन्यावर कोसळलो. पुण्याला नेलं. डोक्यात गाठ निघाली. गाठ साधी आहे पण जागा वाईट आहे, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन झालं, मग त्यात पू झाला, मग दुसरं ऑपरेशन. उजवा पाय गेला आणि शब्द गेले. पाय पुढे बराचसा परत आला, शब्द बऱ्यापैकी आले.

आता, आमच्याकडे मुलीचं लग्न ठरलेलं असताना बापाला काय काय होऊ शकतं याला मर्यादा आहेत. हार्ट अॅटॅक चालतो. मुतखडा तर कौतुकाचा विषय असतो. पण डोक्याचं काही निघालं की ते रक्तात आहे, मुलीत उतरणार, तिच्या पोरांत उतरणार, असा हिशेब समोरची माणसं करून मोकळी होतात आणि विचारायलासुद्धा येत नाहीत. शालनच्या आत्याचं ठरलेलं लग्न असंच मोडलं होतं, का तर तिच्या धाकट्या भावाला फिट यायची. आत्या जन्मभर शालनच्या वडिलांकडे राहिली, दुसऱ्यांची पोरं सांभाळत. त्या पोरांतली एक शालन. त्यामुळे माझी गाठ कळल्यावर ती आधी माझ्यासाठी रडली आणि लगेच वैजूसाठी घाबरली. मी तिला कधी त्याचा दोष दिला नाही.

मी ऑपरेशन थिएटरमध्ये असतानाच पद्माकररावांचा फोन आला. रिटर्नची मुदत जवळ आली, कागद पाठवा आणि जरा नाईकवाडे साहेबांना फोन द्या. शालन पॅसेजमध्ये उभी होती. समोरच्या भिंतीवर कुठल्याशा औषध कंपनीचं कॅलेंडर होतं आणि त्यावर ओंकारेश्वरचा घाट होता. ती म्हणाली, ते परिक्रमेला गेलेत, नर्मदेच्या. मग पद्माकरराव म्हणाले, एकदम? ही म्हणाली, यांचं सगळं एकदमच असतं. पुढे मी बोलता झाल्यावर तिनं मला हे सांगितलं. वर म्हणाली, कॅलेंडरवर तिरुपती असता तर तिसऱ्या दिवशी तुम्हाला परत यावं लागलं असतं, देवानंच वाचवलं.

परिक्रमा एकदा सुरू केली की चालवावी लागते. शालननं नकाशा पैदा केला आणि माझ्या उशाशी बसून मला नदीच्या काठानं नेलं. मी आयसीयूत होतो तेव्हा शूलपाणीच्या झाडीत होतो, तिथं फोन लागत नाही म्हणून ते सोयीचं पडलं. नाकातली नळी निघाली त्या सुमाराला मी भरूचला पोचलो. काठी धरून पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा अमरकंटक आलं होतं. विहीणबाई दर आठवड्याला शालनला फोन करून विचारायच्या, आता कुठपर्यंत आले? आणि ऐकून गहिवरायच्या.

मी बार्शीत उतरलो तो दाढी वाढलेला, गालफडं बसलेली, पाय ओढत, बोलताना अडखळत. परिक्रमा करून आलेला माणूस याहून वेगळा दिसत नाही. डोक्यावरची खूण झाकायला पांढरी टोपी घातली, तीही त्यात शोभून गेली. ज्येष्ठ नागरिक संघानं शाल-श्रीफळ दिलं आणि दोन शब्द बोलायचा आग्रह केला. मी उभा राहिलो, “मैया” म्हणालो, आणि पुढचा शब्द काही केल्या सापडेना. मी तसाच उभा. पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. संघाचे अध्यक्ष म्हणाले, यापेक्षा जास्त बोलण्यासारखं काही उरतच नाही. त्यांच्यातले काहीजण अजूनही रस्त्यात वाकून माझ्या पाया पडतात आणि मी पडू देतो.

विहीणबाईंनी यात्रेहून परतल्याचं जेवण, मावंदं, घालायचा हट्टच धरला. मावंद्याला तीर्थ लागतं. शालननं काचेची एक छान बाटली धुतली, स्वयंपाकघरातल्या नळाखाली भरली आणि बुचाला लाल दोरा बांधला. आमच्या नळाला ज्या टाकीतून पाणी येतं तिचा आराखडा मी केलेला, तेवढाच माझा त्या तीर्थाशी संबंध. विहीणबाईंनी ती बाटली आपल्या देवघरात नेऊन ठेवली. महिन्याभरात साखरपुडा झाला, मग लग्न झालं. वैजू सुखात होती. सगळं कसं बिनबोभाट पार पडलं.

राहिला होता तो विश्वंभर. माझा मेहुणा, लातुरात भांड्यांचं दुकान. दवाखान्याचं बिल वाढत चाललं तेव्हा त्यानं दुकान बँकेकडे गहाण टाकलं आणि पैसे आणून दिले. तोंडानं कधी परत मागितले नाहीत. फोन करायचा तो माझी तब्येत विचारायला. पण त्याच्या बायकोच्या बोलण्यातून एकदा निसटलं की बँकेनं शटरशेजारच्या भिंतीवर नोटीस चिकटवली आहे आणि हे रोज सकाळी लवकर जाऊन तिच्यापुढे घमेली टांगतात, गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून. त्या दिवशी शालन जेवली नाही. मलाही घास गेला नाही. कामं मी केव्हाच बंद केली होती, आकडे डोक्यात टिकत नव्हते. माझ्या नावावर येण्यासारखं जगात एकच होतं, तो अडकलेला रिफंड. तो आला तर विश्वंभरचं दुकान वाचणार होतं. आणि तो मिळवायचा तर आजार दाखवायचा होता, तोही माझ्या व्याह्यांच्या हातून.

म्हणून मी परिक्रमेच्या नावावर अर्ज करून पाहिला होता, आणि तो असा टेबलावरून परत आला होता.

चहा आला. पद्माकररावांनी बशीत ओतून सावकाश प्यायला. मग विचारलं, “एखादा ओळखीचा डॉक्टर आहे का?”

“कशाला?”

“सर्टिफिकेटला. त्या काळात तुम्ही आजारी होता म्हणून. दवाखान्याचे कागद, बिलं, काय मिळतील ती.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. फाटकी पावती चिकटवून आणायला लावणारा हा माणूस.

“म्हणजे खोटं?”

“मी बघणार नाही. तुम्ही पाकीट बंद करून आणा, मी तसंच जोडीन. मला फक्त आजाराचं नाव सांगा अर्जात लिहायला. पण सर्दीपडशावर भागायचं नाही, काहीतरी मोठं पाहिजे.”

“मेंदूचं चालेल?”

“मेंदूचं उत्तम,” ते म्हणाले आणि खिडकीतून एसटी स्टँडकडे बघायला लागले.

घरी येऊन शालनला सांगितलं. दवाखान्याचे सगळे कागद तिनं तांदळाच्या पिंपात खाली दडवले होते, वैजूच्या सासरचं कुणी आलं तर सापडू नयेत म्हणून. पिंप उपसताना ती सारखी विचारत होती, त्यांनी पाकीट उघडलं तर? मी म्हटलं, उघडलं तरी खोटं समजूनच वाचतील. ती हातात कागद धरून विचार करत बसली. मग म्हणाली, “म्हणजे आपण खरे कागद खोटे म्हणून द्यायचे.”

“हो.”

“मग यात आपण खोटं काय केलं?”

आम्ही कागदांवरची तांदळाची पूड झटकली आणि पाकीट चिकटवलं.

अर्ज गेला. मधे बरेच महिने गेले, विश्वंभरच्या दुकानावर दुसरी नोटीस लागली, लिलावाची तारीख पडली. त्या तारखेच्या जरा आधी पुण्याच्या ऑफिसातून सुनावणीचं पत्र आलं. पद्माकरराव म्हणाले, माझ्या गाडीतून जाऊ. वाटेत ते उसाच्या दराबद्दल बोलले, सारंगच्या बदलीबद्दल बोलले. अर्जाबद्दल चकार शब्द नाही. मी टोपी नीट बसवून शेजारी बसलो होतो.

सुनावणीला मॅडम होत्या. वयानं वैजूपेक्षा फार मोठ्या नसाव्यात. आवाज मऊ, पण फाइल पाठ केलेली. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, पाणी विचारलं, आणि मग माझं पाकीट एका हाताला आणि एक सुटा कागद दुसऱ्या हाताला ठेवला.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. माझ्या कागदांप्रमाणे मी त्या काळात पुण्यात, मेंदूच्या ऑपरेशनसाठी दाखल होतो. खात्री करून घ्यायला त्यांनी इन्स्पेक्टरला बार्शीला पाठवलं. तो आमच्या गल्लीत फिरला, वाण्याकडे गेला, ज्येष्ठ नागरिक संघात गेला. सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं की नाईकवाडे त्या वर्षी नर्मदेची परिक्रमा करत होते. संघानं तर सत्काराचा फोटो दिला. मॅडमनी तो माझ्यासमोर धरला. फोटोत माझ्या खांद्यावर शाल होती आणि चेहऱ्यावर, खरं सांगायचं तर, बऱ्यापैकी तेज होतं.

“दवाखान्याला पत्र लिहिलंय, त्याचं उत्तर आलेलं नाही,” मॅडम म्हणाल्या. “पण एवढं सगळं गाव खोटं बोलेल असं मला वाटत नाही. यातलं एक काहीतरी खोटं आहे. कुठलं ते तुम्हीच सांगा.”

माझ्या उजव्या हाताला पद्माकरराव बसले होते. परिक्रमा खरी म्हटली तर रिफंड गेला आणि विश्वंभरचं दुकान गेलं. दवाखाना खरा म्हटला तर वैजूच्या सासऱ्यानं तो स्वतःच्या कानांनी ऐकला. मला विश्वंभर दिसला, सकाळी लवकर उठून नोटिशीपुढे घमेली टांगणारा. एका माणसानं आपल्यापायी एवढं खाली बघायचं आणि आपण त्याच्या जिवावर पुण्यवान म्हणून पाया पडून घ्यायचं, याची मला त्या खुर्चीत भयंकर शरम वाटली. मी टोपी काढली आणि डोकं पुढे वाकवलं, खूण दिसेल असं.

“परिक्रमा खोटी आहे, मॅडम. मी ओंकारेश्वर पाहिलेलंसुद्धा नाही.”

शेजारी बघायचा मला धीर झाला नाही. मॅडमनी खूण पाहिली. पण खुणेवर तारीख नसते, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांचंही चूक नव्हतं. त्यांनी विचारलं, दवाखान्यात तुम्हाला बघायला कोण कोण आलं होतं? घरचं सोडून, नात्यातलं सोडून, कुणी एखादा? मी आठवून पाहिलं. कुणीच नाही. कुणी येऊ नये यासाठीच तर आम्ही सगळा खटाटोप केला होता. मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पेन उचललं.

“मी गेलो होतो,” पद्माकरराव म्हणाले.

मला वाटलं, झालं, बिचाऱ्यानं माझ्यासाठी जन्मात पहिल्यांदा खोटं बोलायचं ठरवलं. मॅडमनाही तसंच वाटलं असावं. त्या म्हणाल्या, तुम्ही तर यांचे व्याही.

“तेव्हा नव्हतो. नुसती सुपारी फुटली होती. साखरपुडा व्हायचा होता.”

“कधी गेला होता? काय पाहिलंत?”

“दुसऱ्या ऑपरेशननंतर. खिडकीजवळची कॉट होती. डोक्याला सगळं बांधलेलं, नाकातली नळी नुकतीच काढलेली.” ते टेबलाच्या कडेकडे बघत बोलत होते. “त्यांनी मला ओळखलं नाही. पण हात जोडले आणि म्हणाले, टाकी. मी म्हटलं, काय? परत म्हणाले, टाकी. सिस्टर आली, तिलाही टाकीच म्हणाले.”

शब्द गेले होते त्या दिवसांत माझ्या तोंडात एवढा एकच उरला होता. चमचा टाकी, उशी टाकी, डॉक्टरही टाकी. हे मला शालननं सांगितलं होतं, आणि ती आणि वैजू यांच्याखेरीज ते कुणालाच माहीत नव्हतं. विश्वंभरलासुद्धा सांगितलं नव्हतं, त्याला वाईट वाटेल म्हणून.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “मग या सत्काराला तुम्ही होता की. फोटोत आहात.”

“होतो. नारळ मीच दिला.”

“का?”

पद्माकररावांनी चष्मा काढला. पुसला. “मुलीकडची माणसं होती, मॅडम. त्यांनी सांगितलं परिक्रमा, आपण म्हणायचं परिक्रमा. त्यांना खोटं पाडून मला काय मिळणार होतं?”

मॅडमनी त्यांच्याकडून ते सगळं शपथेवर लिहून घेतलं. त्यांनी त्यांच्या नेहमीच्या सुबक अक्षरात लिहून दिलं, टाकीसकट.

परतीच्या वाटेवर इंदापूरच्या अलीकडे त्यांनी गाडी थांबवली. टपरीवर चहा घेतला. मला विचारायचं होतं ते कसं विचारावं कळत नव्हतं, तेव्हा त्यांनीच सुरुवात केली. बार्शीचा कुणी एक पेशंट त्याच दवाखान्यात होता, त्याच्या भावानं शालनला पॅसेजमध्ये पाहिलं आणि गावात येऊन पद्माकररावांच्या कानावर घातलं. ते तडक पुण्याला निघाले.

“लग्न मोडायलाच निघालो होतो, पाहुणे. खोटं सांगितलं म्हणून राग आला होता. आणि डोक्याचं आहे म्हटल्यावर भीतीही वाटली, खोटं कशाला बोलू. शालनताईंना तोंडावर सांगायचं आणि परत यायचं, असं ठरवून गेलो.”

“मग?”

“शालनताई औषधं आणायला गेल्या होत्या. वैजू होती. तुम्हाला पेज भरवत होती. चमचा तुमच्यापुढे धरला आणि म्हणाली, दादा, हे काय? तुम्ही म्हणालात, टाकी. ती म्हणाली, बरोब्बर, मग दार उघडा, पाणी सोडते. तुम्ही तोंड उघडलंत. ती हसली, तुम्हीही हसलात.” त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. “मी दारात उभा होतो. माझी आई तीन वर्षं अंथरुणावर होती, पाहुणे. आम्ही चौघं भाऊ. तिच्याशी असं कुणी बोललं नाही. मी म्हटलं, ही पोरगी आपल्या घरात आली पाहिजे.”

मला रडू आलं. ऑपरेशननंतर रडू लवकर येतं असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, पण ते कारण नव्हतं. टपरीवाला माझ्याकडे बघत होता. पद्माकररावांनी त्याला आणखी दोन चहा करायला सांगितलं, म्हणजे तो कामाला लागला.

जरा वेळानं मी विचारलं, “वैजूनं तुम्हाला पाहिलं होतं?”

“पाहिलं की. मागोमाग जिन्यापर्यंत आली. मला वाटलं, हात जोडेल, रडेल. ती म्हणाली, काका, लग्नाचं तुम्हाला काय ठरवायचं ते ठरवा, पण तुम्ही इथं आला होता हे आईला कळू देऊ नका. तिनं फार कष्टानं परिक्रमा उभी केलीय, आत्ता कुठं भरूच आलंय.”

“म्हणजे तुम्हाला कळलंय, हे तिला माहीत आहे.”

“सारंगलाही माहीत आहे. तिनं लग्नाआधीच सांगितलं त्याला. आमच्या घरात फक्त सारंगच्या आईला माहीत नाही, तिला सांगून काय करायचं. नदीवर तिचा जीव आहे.”

मी हिशेब करून पाहिला. ज्यांच्यापासून लपवायचं होतं त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. एवढी वर्षं तांदळाच्या पिंपात कागद दडवून आम्ही जे सांभाळत होतो, ते उलट त्या तिघांनी मिळून आमच्यापासून सांभाळलं होतं.

“आणि ते सर्टिफिकेटचं? ओळखीचा डॉक्टर बघा म्हणालात ते?”

“मग काय करणार?” पद्माकरराव म्हणाले. “तुम्ही परिक्रमा घेऊन बसलेले. कागद तुमच्याजवळ आहेत हे मला माहीत, पण मागू कसे? म्हटलं, खोटे म्हणून तरी खरे बाहेर काढतील.”

गाडीत बसताना त्यांनी मला टोपी घालायची आठवण केली.

रिफंड लिलावाच्या आधी आला. मी स्वतः लातूरला जाऊन विश्वंभरच्या हातात दिला. त्यानं मोजला नाही, आधी तब्येत विचारली. मग आम्ही दोघांनी मिळून भिंतीवरची नोटीस ओल्या फडक्यानं पुसून काढली. बँकेनं खळ चांगली वापरली होती, निघता निघेना.

शालननं विचारलं, सुनावणीत काय झालं, व्याह्यांना काही कळलं का? मी म्हटलं, नाही, त्यांना कागद खोटेच वाटले. तिनं देवापुढे साखर ठेवली. तिला मी अजूनही सांगितलेलं नाही. पॅसेजमध्ये एकटीनं उभं राहून तिनं माझ्यासाठी आणि पोरीसाठी अख्खी नदी रचली होती. ती रचायची काही गरज नव्हती, हे तिला कोण सांगणार. मी तर नाही. वैजूही सांगत नाही. आता हे सगळं कुणापासून लपवायचं राहिलं असेल तर ते फक्त शालनपासून आणि विहीणबाईंपासून, आणि त्या दोघी तर सगळ्यांत आनंदात असतात.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. परवा विहीणबाईंचा फोन आला, तीर्थ संपत आलंय, तुमच्याकडे शिल्लक असेल तर द्याल का थोडं? शालन म्हणाली, आहे की, पुरवून पुरवून वापरतो आम्ही. तिनं बाटली नळाखाली भरली, पुसली, लाल दोरा बांधला आणि माझ्या हातात दिली.

दार पद्माकररावांनी उघडलं. वयानं वाकलेत आता. विहीणबाई आत होत्या, बाहेर आम्ही दोघंच. मी बाटली पुढे केली आणि हळूच म्हटलं, “टाकीचं आहे.”

“चवीवरून पहिल्या दिवशीच ओळखलं होतं,” ते म्हणाले. “रोज एक चमचा घेतो.”

मग त्यांनी चपला काढल्या, बाटली दोन्ही हातांनी घेतली आणि डोळे मिटून कपाळाला लावली. तिथं बघायला दुसरं कुणीही नव्हतं.